घाट उतरताना ब्रेक दगा देऊ नयेत म्हणून: टायर, ब्रेक ऑइल, पॅड आणि मग मोठं किट

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो, गाडीत चौघं, डिकी गच्च भरलेली, आणि अर्ध्या घाटात पेडल मऊ लागायला लागलं. आधी वाटलं पाय नीट बसला नाही, पण पुढच्याच वळणाला पेडल जवळजवळ खालपर्यंत गेलं. आई मागे बसली होती, तिला कळू न देता गाडी दुसऱ्या गिअरला टाकली, पेडल तीन-चारदा पंप केलं, थोडा ब्रेक आला आणि एक रुंद जागा बघून डोंगराच्या बाजूला घेऊन थांबलो. पाऊण तास तिथेच बसलो होतो, चाकांजवळ हात नेववत नव्हता. घरी आल्यावर दोन रात्री नीट झोप नाही लागली. त्यानंतर वर्षभरात मी माझ्या हॅचबॅकचे ब्रेक टप्प्याटप्प्याने बदलत गेलो आणि शेवटी पुढे चार पिस्टनचं मोठं ब्रेक किट बसवलं. ते सगळं कसं केलं, कुठे चुकलो, काय आधी करायला हवं होतं ते इथे लिहितोय, म्हणजे तुमच्यापैकी कोणी हे करायला निघालं असेल तर पैसे आणि जीव दोन्ही वाचतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. गाडी थांबवतो तो टायर. ब्रेक फक्त चाक थांबवतो. तुमची गाडी ६० च्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) खडखड करत असेल, तर याचा अर्थ तुमच्या ब्रेकमध्ये टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आधीच आहे, आणि तुम्ही लाखभराचं किट लावलं तरी पहिल्या ब्रेकला गाडी एक फूटसुद्धा आधी थांबणार नाही. मग किट कशाला? उष्णतेसाठी. तोच ब्रेक दहाव्या, विसाव्या, तिसाव्या वेळी पहिल्यासारखाच लागावा म्हणून.

हिशोब करून बघा, डोळे उघडतात. गाडी माणसांसकट १४०० किलो धरा. १०० च्या स्पीडवरून शून्यावर आणताना ब्रेकला साधारण ५४० किलोज्यूल एनर्जी उष्णता करून बाहेर टाकावी लागते. आता हीच गाडी घाटातून १००० मीटर खाली उतरवली (महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, पोलादपूर खाली कोकणात, म्हणजे उतार यापेक्षा जास्तच आहे) तर जवळजवळ १३,७०० किलोज्यूल. म्हणजे शंभरवरून शून्य, असं पंचवीस वेळा. यातलं काही हवा खाते, काही टायर खातात, आणि इंजिनला खाऊ दिलं तर इंजिन बरंच खातं, पण तुम्ही चौथ्या गिअरला सोडून ब्रेकवर पाय ठेवून उतरत असाल तर सगळा भार त्या दोन पुढच्या डिस्कवर येतो. मी तेच करत होतो, चूक गाडीची नव्हती. ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरायचं हे एसटीचे जुने ड्रायव्हर कायम सांगतात ते शंभर टक्के खरं आहे, आणि न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका, इंजिन बंद झालं की बूस्टरचा (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकमध्ये संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

आता तुमच्या गाडीला नक्की काय होतंय ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पेडल नेहमीच्या जागीच टणक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, जळका वास येतोय पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेच्या वर तापलेत. पेडलच मऊ झालं, खाली जातंय, पंप केल्यावर जरा वर येतं, तर ब्रेक ऑइल उकळलंय आणि पाइपात वाफ झालीय, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. (माझं हेच झालं होतं.) स्टिअरिंग किंवा पेडल थरथरतं, तर डिस्कचा प्रॉब्लेम. ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, तर एखादा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा तो ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन जाम झालीय. आणि पाय ठेवल्या ठेवल्या एबीएस लागतं, तर टायर बघा: घासलेत का, पाच-सहा वर्षं जुने होऊन कडक झालेत का. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर जुने असतील तर हे सगळं वाचणं थांबवा आणि आधी चांगले टायर घाला, मी मनापासून सांगतोय.

टायरनंतर ब्रेक ऑइल. आपण ऑइल म्हणतो पण ते तेल नाही, ग्लायकॉलचं द्रव आहे आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डब्यावर डॉट असा ग्रेड लिहिलेला असतो. डॉट ३ चा उकळबिंदू नवा असताना किमान २०५ अंश, आणि साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच १४० वर येतो. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. हे आकडे नीट बघा, म्हणजे जुन्या, पाणी प्यायलेल्या डॉट ५.१ पेक्षा ताजं डॉट ३ सुद्धा बरं! कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर तिथल्या दमट हवेत हे अजून लवकर होतं, दर वर्षी पावसाळा संपला की बदला, पुण्याकडे दोन वर्षांनी चालेल पण घाटात नेहमी जात असाल तर वर्षानेच. डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीचे आहेत, पण नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव सारखं दिसतं म्हणून ते चुकूनही ओतू नका. आणि मागच्या वेळी उरलेली अर्धी बाटली कपाटात ठेवलेली असते ना, ती टाकून द्या, सील फोडल्यापासून ती ओलावाच पितेय. माझ्या गाडीत निघालेलं ऑइल चहासारखं काळपट होतं, साडेचार वर्षं कोणी बदललंच नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मग पॅड. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण महाग ते चांगलं असं वाटतं. रेसचे पॅड थंड असताना पकडतच नाहीत, कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर जे पॅड भारी चालतात तेच पॅड जुलैच्या सकाळी सोसायटीतून बाहेर पडताना पहिल्या ब्रेकला घसरतात. आपल्याला हवेत फास्ट रोड प्रकारचे पॅड, जे थंडपणीही लागतात आणि घाटात तापल्यावरही टिकतात. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरांचा कोड छापलेला असतो, पहिलं अक्षर थंड पकडीचं, दुसरं गरम पकडीचं. ईई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५, एफएफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जीजी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर एबीसीडीत पहिल्याच्या आधीचं असेल (उदाहरणार्थ जीएफ) तर गरम झाल्यावर पकड कमी होते हे तिथेच लिहिलेलं आहे, घेऊ नका. ईबीसी, फेरोडो, ब्रेंबो यांचे पॅड इथे मिळतात, पण नाव बघून कुठूनही घेऊ नका, डुप्लिकेट माल प्रचंड आहे. नाना पेठेत घेत असाल तर पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, बॉक्सचं सील आणि पॅडच्या लोखंडी पाठीवरचा छापा तिथेच उघडून बघा.

पॅड बदलताना कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन किंवा सिरॅमिक ब्रेक ग्रीस लावा. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर आतलं रबर फुगतं आणि पिना आणखी जाम होतात. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि निम्म्या गाड्यांचा ब्रेक नुसत्या एवढ्यानेच सुधारेल असं माझं मत आहे. मागे ड्रम असतील तर ड्रम उघडून धूळ साफ करा, लायनर बघा, ॲडजस्टमेंट नीट करून घ्या, कारण मागचे शू (ड्रमला आतून घासणारे, लायनर लावलेले तुकडे) लांब राहिले की पेडलचा पहिला अर्धा इंच तिथेच वाया जातो. धूळ फुंकर मारून किंवा कंप्रेसरने उडवू नका, पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून काढा आणि तोंडाला मास्क लावा, जुन्या लायनरमध्ये काय असेल सांगता येत नाही.

बरं, स्टील ब्रेडेड होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या. रबराच्या होज दाब आला की किंचित फुगतात, याच्या आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेर स्टीलची जाळी असते म्हणून फुगत नाहीत. पेडलचा फील सुधारतो, बाकी काही नाही. जुन्या होज दहा वर्षांच्या असतील तर बदलायच्याच आहेत म्हणून या घाला.

इथपर्यंत केलं आणि तेवढ्यावर घाट नीट उतरायला लागली गाडी तर थांबा. खरंच थांबा. मी या टप्प्यावर तोच घाट पुन्हा उतरलो, दुसऱ्या गिअरला, आणि पेडल शेवटपर्यंत टणक राहिलं. पुढे किट लावलं ते कारण मी इंजिनचं ट्यूनिंग केलं होतं आणि वर्षातून दोनदा ट्रॅकवर जायचं ठरवलं होतं. नुसत्या घाटासाठी कोणी विचारलं तर मी किट घे म्हणून सांगत नाही.

किट घ्यायचंच असेल तर आता नीट वाचा.

किट म्हणजे सहसा पुढची दोन मोठी डिस्क, दोन चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर, ते बसवायचे ब्रॅकेट, पॅड आणि होज. दुसरा देशी मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या मोठ्या सेडानचे डिस्क आणि कॅलिपर आणून बसवणं, बऱ्याच गाड्यांत नकल (ज्यावर चाकाचा हब आणि कॅलिपर बसतो तो भाग) एकच असतं त्यामुळे फक्त ब्रॅकेट बदलून मोठी डिस्क बसते. हा मार्ग मला जास्त आवडतो, कारण पॅड कुठेही मिळतात आणि सील किटसाठी परदेशातून पार्सल यायची वाट बघावी लागत नाही. कुर्ल्याच्या बाजारात असे सेट मिळतात, पण डिस्क मात्र कधीच जुनी घेऊ नका आणि जुना कॅलिपर घेतलात तर सगळे सील नवे टाकून मगच बसवा.

सगळ्यात महत्त्वाचं गणित पिस्टनच्या क्षेत्रफळाचं, आणि विकणारे हे कधीच सांगत नाहीत. तुमचा मास्टर सिलेंडर (पेडलने चालणारा, ऑइल ढकलणारा पंप) तोच राहणार आहे, तो एका पेडलमध्ये ठरावीक ऑइलच ढकलतो. कॅलिपरचे पिस्टन जास्त मोठे झाले तर त्यांना जास्त ऑइल लागतं, म्हणजे पेडल लांब जातं. माझ्या जुन्या फ्लोटिंग (एकाच बाजूला पिस्टन, पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरमध्ये ५४ मिमीचा एक पिस्टन होता, क्षेत्रफळ २२९० चौरस मिमी. चार पिस्टनच्या कॅलिपरची तुलना करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे, चारही नाही. ३८ मिमीचे दोन म्हणजे २२६८, जवळजवळ तेवढेच, पेडलचा प्रवास तसाच राहतो. तेच ४२ मिमीचे दोन घेतले तर २७७१, म्हणजे २१ टक्के जास्त, पेडल लांब आणि शिवाय पुढच्या चाकांवर २१ टक्के जास्त जोर. मला एका दुकानदाराने आधी ४२ चेच दिले होते, मोठे आहेत म्हणून भारी असं सांगून, मी घरी आणून व्हर्नियरने मोजले म्हणून कळलं आणि परत करताना बरीच हुज्जत घालावी लागली. पैसे देण्याआधी पिस्टनचा व्यास लेखी मागा, जो देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पुढे जास्त जोर आला तर चांगलंच ना, असं वाटतं. नाही. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल ठरवलेला असतो. पुढचा जोर प्रमाणाबाहेर वाढला की पुढची चाकं लवकर लॉक व्हायला लागतात, एबीएस लवकर मध्ये पडतं, आणि मागची चाकं स्वतःच्या वाट्याचं काम करायच्या आधीच सगळं संपतं, म्हणजे गाडी उलट लांब जाऊन थांबू शकते. मोठ्या डिस्कनेसुद्धा जोर वाढतो. २५६ वरून २८० मिमीवर गेलात तर पॅड जिथे पकडतो ती त्रिज्या १२ मिमीने वाढते, साधारण अकरा टक्के जास्त जोर. एवढं चालतं. पण मोठी डिस्क, मोठे पिस्टन आणि जास्त पकडीचे पॅड असं तिन्ही एकदम केलं की हे टक्के एकमेकांवर चढतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी बिचकायला लागते. मागचे ड्रम काढून डिस्क टाकायच्या नादाला मी लागलो नाही, हॅचबॅकच्या मागच्या बाजूला ड्रम भरपूर झाले, आणि हँडब्रेकची केबल, व्हॉल्व्ह सगळंच बदलत बसावं लागतं.

डिस्क भोकं पाडलेली घ्यायची की चिरांची? दिसायला भोकांची सुंदर दिसते, पण स्वस्त डिस्कला नंतर ड्रिल मारून विकतात आणि त्या तापल्या की भोकाच्या कडेपासून तडे जातात. मी साधी व्हेंटिलेटेड घेतली, चिरांची घेतली तरी चालेल, चिरा पाणी आणि पॅडचा भुगा बाहेर काढतात, थोडा आवाज करतात आणि पॅड जरा लवकर खातात. डिस्कचं वजन आणि जाडी महत्त्वाची, कारण उष्णता लोखंड पितं. आणि प्रत्येक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती लक्षात ठेवा.

कॅलिपरमध्ये एक गोष्ट आवर्जून विचारा: पिस्टनला धुळीचे बूट आहेत का. अस्सल रेसच्या कॅलिपरला ते नसतात, कारण तिथे दर काही शर्यतींनंतर ते उघडून साफ करतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ताम्हिणीच्या लाल चिखलातून गाडी नेली की असा कॅलिपर एका मोसमात जाम होईल. आणि लाल प्लास्टिकची कॅलिपर कव्हरं चिकटवू नका, वाईट वाटून घेऊ नका कोणी, पण ती उष्णता कोंडतात आणि सुटून चाकात अडकू शकतात. ब्रेंबोचा कारखाना आपल्या चाकणला आहे, पण तिथे मुख्यतः दुचाकीचे ब्रेक बनतात, त्यामुळे 'चाकणच्या कंपनीतनं काढलेला कारचा कॅलिपर' असं सांगून कोणी स्वस्तात देत असेल तर तिथून निघा.

चाकात बसणार का ते खरेदीआधी बघा. कॅलिपर बनवणारे कागदी टेम्पलेट देतात, ते मूळ मापात प्रिंट करून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि चाकाच्या आतून फिरवून बघा. रिमच्या आतल्या घेराशी आणि स्पोकच्या पाठीशी दोन्हीकडे निदान ३ मिमी मोकळी जागा हवी, आणि चाकाला आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं धरून हवी, ती विसरतात लोक. माझी १४ इंची चाकं बसेनात, १५ ची घ्यावी लागली, म्हणजे टायरसकट तो वेगळा खर्च.

कायद्याचंही बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलंय, आणि नियमाबाहेरच्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे पॅड, ऑइल, होज, त्याच मापाची डिस्क हे बदलणं वेगळं आणि कॅलिपर-डिस्कचं माप बदलणं वेगळं. किट घेण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. क्लेमच्या वेळी हेच काढतात.

आता बसवणं. तुम्ही आधी कधी स्वतः पॅड बदलले नसतील तर हे काम स्वतः करू नका, चांगल्या मेकॅनिकला द्या आणि शेजारी उभे राहून बघा. स्वतः करणार असाल तर सपाट फरशी, दोन जॅक स्टँड (नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही), मागच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळा), टॉर्क रेंच, फ्लेअर नट पाना, वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, सील न फोडलेलं ब्रेक ऑइल, पारदर्शक नळी आणि एक मदतनीस एवढं हवं. माझ्या मदतीला माझा मेव्हणा होता, सकाळी आठला सुरू केलं आणि संध्याकाळी पाच वाजले.

आधी बोनेटमधल्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं थोडं ऑइल सिरिंजने काढा पण डबा रिकामा होऊ देऊ नका, कामभर लक्ष ठेवा, रिकामा झाला की हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरते आणि मग स्कॅनर लावून पंप फिरवल्याशिवाय निघत नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका, ते रंग खातं.

जुना कॅलिपर आणि डिस्क काढल्यावर हबचा चेहरा वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. हे कंटाळवाणं काम आहे आणि यातच सगळा खेळ आहे. हबवर गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला एका जागी घासते, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग आपण म्हणतो डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसतेच, तिची जाडी कमी-जास्त झालेली असते किंवा पॅडचं मटेरियल डाग पडल्यासारखं चिकटलेलं असतं. डायल गेज मिळालं तर डिस्क नटांनी घट्ट करून फिरवून बघा, ०.०५ मिमीच्या आत डगमग हवी. नव्या डिस्कला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी काढा, मग त्यावर बोट लावायचं नाही.

ब्रॅकेट, मग कॅलिपर. बोल्टचा टॉर्क किटच्या कागदावर जो लिहिलाय तोच, अंदाजे नाही, थ्रेडलॉक लावायला सांगितलं असेल तर लावा. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध यायला हवी, दोन्ही बाजूंचं अंतर फीलर गेजने मोजा, फरक असेल तर किटमधल्या पातळ शिम घाला. डावा-उजवा कॅलिपर बदलू नका: हवा काढायचा निप्पल वरच्या बाजूला आला पाहिजे. उलटे बसवले तर निप्पल खाली जातो, हवा वर अडकून राहते आणि तुम्ही दिवसभर ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) केलं तरी पेडल स्पंजसारखंच लागतं. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे, दोन्ही बाजूंना एकेक. होज लावल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, चाक लटकलेलं असताना आणि जॅकने वर उचलूनसुद्धा, होज कुठे ताणली जात नाही, पिळली जात नाही, टायरला घासत नाही ना.

हवा काढताना पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा. गाडी जुनी असेल तर मास्टर सिलेंडरच्या ज्या भागात पिस्टन रोज जात नाही तिथे गंज आणि कचरा साचलेला असतो, ब्लीडिंगला पेडल पार खाली दाबलं की सील तिथे घासून फाटतं आणि चांगला मास्टर सिलेंडर त्याच दिवशी जातो. क्रम तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तो, नसेल तर मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे बहुतेक गाड्यांत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आत एक माणूस, बाहेर एक. 'दाब', 'धरून ठेव', निप्पल उघडा, बंद करा, 'सोड'. बंद करायच्या आधी आतल्याने पाय उचलला तर हवा परत आत, म्हणून मोठ्याने बोला आणि समोरच्याने पण उत्तर द्यायचं. चार पिस्टनच्या कॅलिपरला आत एक आणि बाहेर एक असे दोन निप्पल असतात, दोन्हींतून काढायची. नळीत बुडबुडा दिसायचा बंद झाला आणि ऑइल नव्या रंगाचं आलं की झालं.

मग इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचं सील गेलंय, स्पंजसारखं लागत असेल तर हवा आहे. प्रत्येक जोडावर पांढरा टिश्यू पेपर फिरवा, ओला झाला तर कळतं. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा, दर वेळी, नव्या पॅडनंतर पिस्टन मागे गेलेले असतात, पहिलं पेडल रिकामंच जातं आणि पार्किंगमधल्या भिंतीवर गाडी याच कारणाने आपटते.

यानंतर लोक थेट घाटात जातात. तसं करू नका, आधी पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवावे लागतात, म्हणजे डिस्कवर पॅडच्या मटेरियलचा पातळ एकसारखा थर चढवायचा असतो. पॅडवाल्याने दिलेली पद्धत असेल तर ती, नाहीतर शहराबाहेरचा मोकळा सरळ रस्ता, पहाटेची वेळ, मागे कोणी नाही हे आरशात बघून ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा. मग ८० वरून १५ पर्यंत जोरात, एबीएस लागू न देता, परत सात-आठ वेळा. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तिथे डाग उमटतो आणि तोच पुढे थरथरतो. थोडा वास येईल, कदाचित पकड एक-दोनदा कमी झाल्यासारखी वाटेल, घाबरू नका. मग दहा-बारा किलोमीटर ब्रेक न लावता हवा खात चालवा. घरी येऊन हँडब्रेक लावू नका, गिअरला टाकून ठेवा. मी पहिल्यांदा हे करताना मध्येच एका टपरीवर चहाला थांबलो, ब्रेकवर पाय ठेवून मेव्हण्याशी बोलत बसलो, आणि डिस्कवर पॅडच्या आकाराचा निळसर ठसा उमटला. तो जायला सगळं पहिल्यापासून पुन्हा करावं लागलं.

शंभर किलोमीटरनंतर चाकं काढून कॅलिपर आणि ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, चाकाचे नटही. पाचशेला पुन्हा. मी एक स्वस्तातली इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घेतलीय, घाट उतरून गाडी बाजूला घेतली की पुढच्या डिस्कवर आणि मागच्या ड्रमवर मारतो. चकचकीत लोखंडावर ती खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते, पण डाव्या-उजव्याची तुलना बरोबर कळते. गेल्या पावसाळ्यात वरंध घाट उतरल्यावर पुढचं उजवं डाव्यापेक्षा साठ अंशांनी जास्त निघालं, उघडलं तर एका पॅडच्या कडेला चिखल सुकून तो अडकला होता. घासून काढला, पुढच्या वेळी दोन्ही सारखे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाकांच्या आतून नुसत्या पाण्याने धुवा, कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर दर आठवड्याला. रात्रभर उभी राहिल्यावर डिस्कवर जो तांबूस गंज येतो तो पहिल्या दोन ब्रेकमध्ये जातो, त्याची काळजी नको.

जुने कॅलिपर, डिस्क, बोल्ट, ब्रॅकेट भंगारात देऊ नका. पिस्टनच्या बुटांवर सिलिकॉन ग्रीस लावून, ऑइलची भोकं बुच मारून बंद करून, डावं-उजवं असं पेनाने लिहून खोक्यात ठेवा. गाडी विकताना किंवा पासिंगला लागतील, आणि नव्या कॅलिपरचं सील अचानक गेलं तर ते मिळेपर्यंत गाडी दारात उभी ठेवावी लागणार नाही.